एकास सत्त्याऐंशी

"तू अजून भातुकली खेळतेस?"

रूम पार्टनरने हे विचारलं तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. मी टेबललॅम्पखाली बसून २४ मिलिमीटर उंचीच्या दाराला कडी लावत होते. कडी म्हणजे काय, तर तांब्याच्या तारेचा एक तुकडा. तो पण मी बोलता बोलता हरवला, आणि मग आम्ही दोघी मोबाईलचा टॉर्च लावून फरशीवर शोधत बसलो. हॉस्टेलमध्ये मैत्री अशीच होते!

तर झालं असं, की आमच्या टेक्निकल प्रदर्शनासाठी ग्रुपने मॉडेल रेल्वे करायचं ठरवलं. ८ बाय ४ फुटांचा प्लाय, त्यावर रूळ, कंट्रोलर, सेन्सर, सगळं. मुलांनी सर्किट घेतलं, मोटर घेतली, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तू डेकोरेशन बघ." डेकोरेशन! जणू गॅदरिंगच्या पताकाच लावायच्या होत्या. राग आला, पण काम घेतलं. कारण इमारती करायला मिळणार होत्या, आणि त्या कोणत्या करायच्या ते मी आधीच ठरवून टाकलं होतं.

मुलांनी नेटवरून एका युरोपियन स्टेशनाचं चित्र आणलं होतं. उतरतं छप्पर, खिडकीत फुलांच्या कुंड्या. अशा इमारतींचे तयार किट मिळतात. फालर नावाची जर्मन कंपनी तर १९४६ पासून आहे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं लहान रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. शाळेत असताना मी ते पाहिलं तेव्हा शो संपल्यावर सगळ्यांना बाहेर काढलं तरी मी काचेला नाक लावून उभी होते. पण मला स्वित्झर्लंड नको होतं. मला पीजे हवी होती.

पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर. जळगाव जिल्ह्यातली ५६ किलोमीटरची नॅरोगेज. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे बंद झाली ती परत सुरू झालीच नाही, आता ब्रॉडगेजचं ठरलंय. माझे आजोबा त्या लाईनवर पॉइंट्समन होते. सुट्टीत आम्ही त्या गाडीने जायचो. ती इतकी सावकाश जायची की खिडकीतून बाभळीचे काटेसुद्धा मोजता यावेत.

मुलांना भावना सांगून उपयोग नव्हता, म्हणून मी गणित सांगितलं. एच ओ स्केल म्हणजे १:८७. त्याचे रूळ १६.५ मिलिमीटर रुंद असतात, कारण ते परदेशातल्या १४३५ च्या गेजसाठी आहेत. आपला ब्रॉडगेज १६७६. त्याला ८७ ने भागलं की १९.३ येतात. म्हणजे तयार रुळांवर आपली मोठी गाडी कधीच बरोबर बसत नाही. पण पीजेचा गेज ७६२. भागा ८७ ने... ८.७६! आणि एन स्केलचे ९ मिलिमीटरचे रूळ सहज मिळतात. स्लीपर जरा दाट वाटतात, तर एकाआड एक काढून टाकायचे. एन स्केलच्या इंजिनाची चाकं-मोटर ठेवायची आणि वरची बॉडी कार्डशीटची करायची. मुलं गप्प झाली. इंजिनियरला गणिताने हरवता येतं, हा या लेखातला पहिला धडा.

आता स्टेशन. (नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मी पुष्कळ ठिकाणी अंदाज मारलेत.) ड्रॉइंग नाही, मापं नाहीत. होता फक्त एक फोटो, आजोबांचा. युनिफॉर्ममध्ये, हातात हिरवा झेंडा, स्टेशनच्या दाराशेजारी ताठ उभे. आजोबांची उंची ५ फूट ६ इंच, म्हणजे १६७६ मिलिमीटर. बरोब्बर ब्रॉडगेजएवढी! हे सांगितल्यावर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "जन्मभर छोट्या लाईनवर नोकरी केली, अन् माप मोठ्या लाईनचं?"

फोटोत आजोबा ४२ मिलिमीटर आणि दार ५३. म्हणजे खरं दार सुमारे २११५, साधारण सात फूट. मॉडेलमध्ये २४. याच पद्धतीने खिडक्या, ओटा, वळचण, सगळं काढलं. आख्खं स्टेशन मी आजोबांनी मोजलं असं म्हणायला हरकत नाही.

भिंती सनबोर्डच्या, वर आयव्हरी कार्ड. नऊ इंची वीट २.६ मिलिमीटर होते. त्या रेघा बोथट सुईने दाबून काढल्या. मंगलोरी कौल पावणेपाच मिलिमीटर लांब, ती कार्डाच्या पट्ट्या कापून खालून वर एकावर एक चिकटवली. मोजायचं सोडून दिलं. पुढच्या पडवीच्या पत्र्याने मात्र छळलं. पत्र्याच्या दोन नळ्यांमधलं अंतर तीन इंच, म्हणजे मॉडेलमध्ये ०.८७. एवढं बारीक कसं काढायचं? उत्तर वर्कशॉपमध्ये मिळालं. एम ५ च्या बोल्टच्या दोन आट्यांमधलं अंतर ०.८ मिलिमीटर असतं. मग काय, आटे पाडलेला रॉड आणला, त्यावर मेसच्या पार्सलची ॲल्युमिनियम फॉइल ठेवली आणि टूथपिकने आट्यात दाबत गेले. उलगडली तर हुबेहूब पत्रा! त्या रात्री मी पार्टनरला उठवून तो दाखवला. ती काय म्हणाली ते इथे छापता येणार नाही.

दिवाळीत बुटाच्या खोक्यात स्टेशन घालून एसटीने गावी नेलं. पूर्ण प्रवास खोकं मांडीवर. आजोबांनी चष्मा पुसला, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि म्हणाले,

"छान आहे बेटा. ही बँक आहे का?"

मला रडूच आलं. पण ते बरोबर होते. माझं स्टेशन फार स्वच्छ होतं. मग आजोबा बोलायला लागले. वळचणीखाली पागोळ्या पडून पडून मातीत सरळ चर पडतो, तो कुठाय? भिंतीच्या खालच्या हातभर भागावर चिखल उडतो, तो लाल पट्टा? तिकिटाच्या खिडकीखाली लोकांच्या कोपरांनी रंग काळा झालेला असायचा. वाळूच्या लाल बादल्या. आणि घंटा, म्हणजे रुळाचा टांगलेला तुकडा, ती मी केलीच नव्हती.

मी वहीत भराभर लिहीत होते आणि निम्मे शब्द मला कळत नव्हते. कॉन्व्हेंटमध्ये मी "रूफ" शिकले. आढं, वळचण, पागोळ्या हे शब्द वीस वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा लिहिले. 'पागोळ्या'तला ळ आजोबांनी सुधारून दिला.

मग झाडाचा प्रश्न आला. आजोबा म्हणाले, डाव्या बाजूला कडुनिंब. आजी आतून ओरडली, "निंब कसला, चिंच होती! मी चिंचा आणलेल्या आहेत." फोटोत झाड येतच नाही. आजोबा जरा वेळ वाद घालत राहिले, मग एकदम थांबले. अलीकडे ते नावं विसरतात, औषध घेतलं की नाही ते विसरतात. घरात सगळ्यांनी त्यांना दुरुस्त करायची सवयच करून घेतली आहे, मी पण. ते खोक्याकडे बघत म्हणाले, "असेल चिंच. आता कोण बघायला बसलंय."

ते वाक्य मी परतीच्या एसटीत घेऊन आले.

हॉस्टेलवर आल्यावर स्टेशन "खराब" केलं. काळा पोस्टर कलर भरपूर पाण्यात कालवून भिंतींवर सोडला, तो विटांच्या रेघांत जाऊन बसला. विटकरी खडूची पूड भिंतींच्या पायथ्याशी, मेसच्या चहाचा वाळवलेला चोथा जमिनीवर. खिडकीखाली पेन्सिलचं शिसं बोटाने घासलं. झाडासाठी जुन्या मोटरच्या वाइंडिंगच्या तारा पिळल्या, स्पंजचा चुरा हिरवा रंगवून लावला. कडुनिंब केला. आजीची माफी मागून. पुरावा नव्हता, पण फोटोतल्या माणसाने मला दाराची उंची बरोबर दिली होती. त्याच्या झाडावर मी अविश्वास का दाखवावा?

प्रदर्शनाच्या दिवशी इंजिन तीनदा घसरलं. परीक्षकांनी कंट्रोलरवर प्रश्न विचारले, आम्हाला बक्षीस मिळालं नाही. पण संध्याकाळी मेसचे एक काका आले. ते शेंदुर्णीकडचे, हे मला तेव्हा कळलं. खूप वेळ वाकून बघत होते. म्हणाले, "ताई, पीजे आहे ना? आमच्या स्टेशनावर पिंपळ होता." आणि मोबाईलवर फोटो काढून घरी पाठवला. म्हणजे आता तीन झाडं झाली!

आजोबांना मी व्हिडिओ पाठवला. त्यांनी तो किती वेळा पाहिला ते आजी सांगते. फोनवर त्यांनी एकच विचारलं, "घंटा वाजते का?"

वाजत नाही. सर्किटवाल्या मुलांना कामाला लावलंय. यंदाचं "डेकोरेशन" त्यांच्याकडे.

सध्या स्टेशन माझ्या कपाटावर आहे. पार्टनर रोज मेसला निघताना त्याच्याकडे बघून विचारते, "गाडी किती वाजता?"

"लेट आहे," मी सांगते.