श्रद्धेचा देह, कृतीचा प्राण

नव्या करारातील याकोबाच्या पत्रात, दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी, एक उपमा येते. प्राण गेलेला देह जसा मृत, तशीच कृतीवाचून राहिलेली श्रद्धा मृत, असा तिचा आशय. वाचकाला ती सोपी वाटते. अनुवादक मात्र तेथे थबकतो. श्रद्धा आतली आणि कृती बाहेरची, अशी सर्वसामान्य समजूत असते. म्हणून श्रद्धेला प्राणाचे आणि कृतीला देहाचे उपमान मिळेल, असे वाटते. याकोब नेमके उलट करतो. ही मांडणी 'सुधारण्याचा' मोह आवरला नाही, तर उपमेचा गाभाच हरवतो.

पुढचा पेच शब्दांचा. मूळ ग्रीक 'प्न्यूमा'मध्ये वारा, श्वास आणि आत्मा हे तिन्ही अर्थ नांदतात. 'आत्मा' म्हटले की मराठी मनात गीतेतील जीर्ण वस्त्राची कल्पना जागी होते; देह टाकण्याजोगा ठरतो आणि त्याबरोबर श्रद्धाही. 'प्राण' या अर्थाने निर्धोक. प्राण गेला की उरते ते प्रेत, हे कोणासही समजावून सांगावे लागत नाही. 'एर्गा' या शब्दाची वाट याहून बिकट. 'कर्म' बंधन व पुनर्जन्म आठवून देते, 'पुण्य' संचयाचा हिशेब मांडते, 'करणी' जादूटोण्याकडे झुकते आणि मृत देहाशेजारी आलेली 'क्रिया' उत्तरक्रियाच सुचविते. 'कृती' कोरडी खरी. परंतु ती दिशाभूल करीत नाही.

हा निवाडा केवळ कोशाच्या आधारे होत नाही. त्याच अध्यायात उघड्या, उपाशी भावाबहिणीचा दृष्टांत आहे. त्यांना ऊब आणि अन्न लाभो, असे म्हणून रिकाम्या हाती निरोप देणारी श्रद्धा तेथे याकोबासमोर आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू व ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणले. १९२२ साली त्यांचे निधन झाले. ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. शास्त्र्यांच्या घरात संस्कृतावर वाढलेल्या या विदुषीला 'कर्म' शब्दाचे ओझे पुरते ठाऊक होते. मात्र १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांत त्यांनी ज्या स्त्रियांना व मुलींना आश्रय दिला, त्यांच्या हाती अन्नवस्त्र आधी पडले, ग्रंथ पुष्कळ नंतर. दृष्टांतातील बहीण त्यांच्यापैकीच एक होती. अनुवादकाने शब्द पारखायचा तो तिच्या कानाने.