मडगार्डखालची जागा

चि. मीनल,


थारला दोन इंचांची लिफ्ट बसवली आणि आता चाकं लहान दिसतात, म्हणून पस्तीस इंची टायर घ्यायचं मनात आहे, असं तू कळवलंस. गाडी देखणी दिसेल, त्यात वाद नाही. पण तू गुरांची डॉक्टर. भर पावसात, रात्री-अपरात्री अडलेल्या गाईसाठी वाडीवर पोचायचं आणि सुखरूप चिपळूणला परतायचं, हे तुझ्या गाडीचं काम. त्या कामाला पुरतील एवढेच मोठे टायर घे, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

मडगार्डखाली आज जी जागा मोकळी दिसते, ती कामाची आहे. चाक दगडावर चढलं की स्प्रिंग दबते आणि चाक त्याच जागेत वर सरकतं. ती टायरनेच भरून टाकलीस तर लिफ्टवर केलेला खर्च पाण्यात गेला. प्रत्येक खड्ड्यात टायर मडगार्डच्या आतल्या कडेला घासेल.

आणि लिफ्टने उंची वाढते ती बॉडीची. मागचा अ‍ॅक्सल आणि त्यातला डिफरन्शिअल होता तिथेच राहतो. जांभ्याच्या चढणीवर दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्याला टेकतो तो नेमका हाच. त्याला वर उचलतो फक्त टायर, तोही वाढलेल्या व्यासाच्या निम्म्यानेच. तुझे मूळ टायर २४५/७५ आर १६, म्हणजे व्यास साधारण ७७४ मिलिमीटर. त्याऐवजी २६५/७५ आर १६ घेतलेस तर व्यास ८०४. डिफरन्शिअल १५ मिलिमीटर वर आला आणि रिमही बदलावे लागले नाहीत. पस्तीस इंचीचा व्यास ८८९. त्यात ५७ मिलिमीटर मिळतात खरे, पण घेर १५ टक्के वाढतो आणि सगळे गिअर तेवढेच लांब होतात. कुंभार्ली घाटात जिथे दुसऱ्यावर गाडी आरामात चढते, तिथे पहिला टाकावा लागेल. उतरताना ब्रेकला जास्त जोर लागेल. काटा दाखवेल त्यापेक्षा गाडी जोरात पळत असेल. लिफ्टमुळे पुढच्या ड्राइव्हशाफ्टचे सांधे आधीच तिरके झालेत, त्यांच्यावर जड चाकांचा ताण येईल. मागच्या दाराच्या बिजागऱ्यांनाही ती अवजड स्टेपनी पेलायची आहे. एवढं सगळं जास्तीच्या ४२ मिलिमीटरसाठी करू नये, असं मला मनापासून वाटतं.

नक्षी ऑल टेरेन घे. मड टेरेनचे मोठे ठोकळे खोल चिखलात चालतात, पण तुझ्या वाटेवर तसा चिखल किती? वर शेवाळ धरलेला जांभा, खाली कडक जमीन, आणि बाकी सगळा ओला डांबरी रस्ता. ओल्या डांबरावर ब्रेक मारताना मड टेरेनची पकड कमी पडते, आणि तुझा दिवस तर डांबरावरच जास्त जातो. मात्र टायरच्या बाजूची भिंत मजबूत हवी. जांभ्याच्या कडा तिथेच चिरतात आणि तिथली चीर पंक्चरवाल्यालाही नीट जोडता येत नाही. म्हणून मापाआधी ‘एलटी’ लिहिलेला घे. तो थोडा कडक चालेल, ते सोस.

टायर पाचही एकाच मापाचे घे. तुझ्या फोर बाय फोरला मधला डिफरन्शिअल नाही. पुढच्या-मागच्या चाकांच्या घेरात फरक पडला, की फोर-हायमध्ये सगळा पीळ ट्रान्सफर केसवर येतो. जुनी स्टेपनी लावून वेळ मारून नेणं तिथे महागात पडतं.

दुकानात टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाच. २३२५ असेल तर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यातला माल. लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नसावा. आधी एकच टायर पुढे बसवायला सांग, ते चाक उंच ठोकळ्यावर चढव, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळव आणि गाडी बंद करून टायर आणि आतल्या प्लास्टिकच्या मध्ये बोटं घालून बघ. सपाट जमिनीवर सगळंच बसतं. हवा किती ठेवायची ते खडू सांगेल: टायरवर आडवी जाड रेघ ओढ, सरळ रस्त्यावर थोडं चालव. मधलाच खडू पुसला गेला तर हवा जास्त आहे, कडांचाच गेला तर कमी.

एक काळजी अजून आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कडकपणे बजावलं. अपघात झालाच तर विम्याचा दावा अडू शकतो. लिफ्टचा विषय तू आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारून घे. टायरचं मापही त्याच पत्रात लिही, आणि उत्तर आल्यावरच दुकानात पैसे भर.

तुझा,
दादा