तंबुळी

बंगळुरातल्या आमच्या बाल्कनीत पानओवा आला तो खालच्या मजल्यावरच्या अज्जींकडून. वीतभर फांदी मोडून देत त्या म्हणाल्या, "दोड्डपत्रे. मातीत नुसती खोच, जगते." जगली. दोन महिन्यांत कुंडी जाड, लवदार पानांनी भरून गेली.

कन्नडमध्ये दोड्डपत्रे म्हणजे मोठं पान. तमिळमध्ये ही कर्पूरवल्ली, कापराची वेल. मल्याळममध्ये पनिकूर्का; त्यातलं 'पनि' म्हणजे ताप. मराठीत पानओवा, पण ओव्याशी या झाडाचं नातं नाही. ओवा धणे-बडीशेपेच्या कुळातला, हे तुळशीच्या. दोघांतही थायमॉल असतं, म्हणून वास जुळतो. कोणी पानाचा आकार पाहिला, कोणी वास, कोणी घरातलं तापलेलं पोर. अनुवाद करताना यातलं एकच नाव हाती लागतं, बाकीची सोडून द्यावी लागतात. त्याची मला सवय झाली आहे.

आमच्याकडे पानओव्याचं एकच होत असे, भजी. गेल्या आषाढात बाबा गेले आणि मी आईला देवरुखहून इथे आणलं. तिला तळलेलं सोसेना आणि बाकीचं जाईना. "तोंडाला चवच नाही गं," म्हणून दोन घासांवर हात धुवायची. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. मी पानं चिरून थालिपिठात घातली. त्या उग्र वासापुढे भाजणी मेली. ओल्या खोबऱ्याच्या चटणीत वाटली. आईने चटणी ताटाच्या कडेला सारली आणि मला वाईट वाटू नये म्हणून बोट चाटलं.

अज्जींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तंबुळी कर."

शब्द माझ्या ओळखीचा होता. 2014 साली मी एक कन्नड कथा मराठीत आणली होती. मलनाडातल्या एका घरात मरण झालंय, चूल पेटलेली नाही. दुपारी धाकटी सून परसातली ओंदेलग, म्हणजे ब्राह्मी, खुडते आणि तिची तंबुळी करून सासूपुढे ठेवते. कथा तिथेच संपते. तंबुळी मी कधी खाल्ली नव्हती. ताकाचं काहीतरी, एवढं कळलं होतं. मी लिहिलं, 'ब्राह्मीची कढी'.

अज्जी वर आल्या. दहा पानं, अर्धा चमचा जिरं आणि चार मिरी त्यांनी तुपावर परतायला लावली. पानं मऊ पडून मळकट झाली. निवल्यावर ती मूठभर ओल्या खोबऱ्याबरोबर वाटली, दोन वाट्या ताकात कालवली, मीठ घातलं, वरून मोहरी आणि लाल मिरचीची फोडणी दिली. मग मी सवयीने पातेलं गॅसवर ठेवायला गेले. अज्जींनी मनगट धरलं.

"बिसि माडबेड." गरम करू नको. 'तंपु' म्हणजे गार, 'हुळि' म्हणजे आंबट. नावातच सांगितलंय की, म्हणाल्या. "आणि ओंदेलगाची असली तर पानंसुद्धा परतायची नाहीत. कच्चीच वाटायची."

मी पातेलं हातात धरून तशीच उभी राहिले. त्या घरातली चूल मी पेटवली होती. छापील पुस्तकात ती इतकी वर्षं पेटलेली होती आणि एकाही वाचकाने मला हटकलं नव्हतं.

आईने पहिल्यांदा चमचाभरच घेतली, भातावर. मग वाटी पुढे केली. ती जेवत असताना मी तिला चूक सांगितली.

"मग काय झालं?" ती म्हणाली. "सोलकढी कुठे आपण उकळतो? तिला कढीच म्हणतात की."

मला बरं वाटलं. इतकं सोपं उत्तर मला स्वतःला सुचलं नसतं. आई भात कालवत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण त्या घरात चूल पेटली नव्हती म्हणतेस ना?"

"हो."

"मग चुकलंच तुझं. वाचणाऱ्याला कढी म्हटलं की चूल दिसणार. आणि ती बाई चूल न पेटवता सासूला जेवायला घालत होती."

त्या दुपारी मी प्रकाशकांना पत्र लिहिलं. दुसरी आवृत्ती निघण्याची शक्यता कमीच. माझ्या प्रतीत मात्र पेन्सिलीने 'कढी' खोडून 'तंबुळी' लिहिलं. तळटीप द्यावी का, यावर बराच वेळ घालवला आणि दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई बाल्कनीत पानं खुडत होती, कानाला फोन. पलीकडे मावशी असणार.

"अगो, पानओव्याची कढी. हो, कढीच," ती सांगत होती. "नाही गं, चुलीवर नाही ठेवायची."