बोटभर अंतर

एखाद्याला मदत केली की आपले कर्तव्य संपले, अशी आमची पुष्कळ वर्षे समजूत होती. पैसे द्यावेत, दोन गोड शब्द बोलावेत आणि आपल्या वाटेला लागावे. ही समजूत एका टायरने दुरुस्त केली. सेमिनरीतील जाडजूड ग्रंथांना जे आमच्या गळी उतरवता आले नव्हते, ते चांदूर रेल्वेच्या एका मिस्त्रीने चार हात सुतळीने उतरवले. म्हणून हा लेखनप्रपंच.

अमरावती जिल्ह्यात दोन चांदूर आहेत. एक चांदूर बाजार आणि दुसरे, मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे, ते चांदूर रेल्वे. भोवती कापूस, तूर आणि सोयाबीन पिकवणारी काळी जमीन. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावर अंथरलेल्या रस्त्यालाही स्वस्थ बसू देत नाही. या परिसरात विखुरलेल्या आमच्या मोजक्या कुटुंबांपैकी एक कुटुंब मास्तरांचे. मास्तरांना शाळेची नोकरी नाही. परंतु संध्याकाळी दोन-तीन गावांतील मुलांना ते गणित शिकवतात, म्हणून लहानथोर सारेच त्यांना मास्तर म्हणतात. पोलिओने त्यांचे दोन्ही पाय अगदी बालपणी नेले. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आपला सारा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर केले. मास्तरांच्या पिढीला मात्र ती वार्ता फार उशिरा मिळाली.

मास्तरांचे पाय म्हणजे त्यांची तीनचाकी. दोन्ही ब्रेक हाताशी असलेली साधी बिनगिअरची स्कूटर आणि मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना बसवलेली दोन छोटी चाके. मोजायला गेले तर चाके चार होतात. परंतु लोक तिला तीनचाकीच म्हणतात. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात अशा गाडीला ‘इनव्हॅलिड कॅरेज’ असे नाव होते. २०१९च्या दुरुस्तीने ते गळले आणि त्याजागी ‘अडॅप्टेड व्हेइकल’, म्हणजे माणसाच्या गरजेप्रमाणे जुळवून घेतलेले वाहन, असा शब्द आला. आम्हांला हा बदल मोलाचा वाटतो. पहिल्या नावात माणसाचे उणे मोजले जात होते. दुसऱ्यात जुळवून घेण्याची जबाबदारी गाडीवर आली.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडी मास्तरांच्या मागच्या चाकाचा टायर पार गुळगुळीत झालेला आम्ही पाहिला. आम्ही त्यांना दुकानात नेले, नवा टायर बसवून दिला आणि पैसे चुकते केले. टायर चढवला जात होता तेव्हा मास्तर बाकावर बसले होते, गाडी रिकामी उभी होती आणि आम्ही घड्याळाकडे पाहत होतो. काम अर्ध्या तासात आटोपले. परतताना मनाला एक प्रकारचे समाधान वाटत होते, हे कबूल केलेच पाहिजे.

दोन महिन्यांनी घुईखेडच्या बाजूला एका अंथरुणाला खिळलेल्या आजीबाईंना ख्रिस्तप्रसाद द्यायला आम्ही मास्तरांच्या मागे बसून निघालो. समोरून ट्रक आला. मास्तरांनी गाडी जराशी डावीकडे घेतली आणि ती घेता घेता डांबर सोडून खालच्या ओल्या मातीत उतरली. इजा कोणालाच झाली नाही. पण डावे चाक रुतले, गाडी कलली आणि कॅलिपर घातलेल्या मास्तरांना उतरवताना आमची त्रेधा उडाली. घाबरलेला माणूस लवकर उपदेश करतो. आम्ही म्हणालो, ‘‘मास्तर, जरा सावधपणे चालवत चला.’’

‘‘हाव जी,’’ एवढेच ते म्हणाले.

शेतातून आलेल्या दोन पोरांनी गाडी उचलून डांबरावर ठेवली. मास्तरांना मैलाच्या दगडावर टेकवून आम्ही ती हाताने थोडी पुढे ढकलली. हँडल सरळ धरले तरी गाडी डावीकडे वळू लागली. पुन्हा सरळ केली, पुन्हा वळली. त्या वीस पावलांत आमचा उजवा हात भरून आला. मास्तर रोज किती मैल हे ओझे ओढत असतील, हा विचार तेव्हा प्रथम मनात आला आणि आपण आताच काय बोलून गेलो, तेही आठवले.

‘‘मास्तर, ही कधीपासून ओढते?’’

‘‘टायर बदलवला त्याच दिवसापासून वढते जी.’’

‘‘मग आम्हांला सांगितले का नाही?’’

ते ओशाळून हसले. ‘‘कसं सांगाव फादर? टायर तुमी घेऊन देल्ला. धरमाच्या गाईचे दात मोजाव का?’’

उजव्या खांद्याला दोन महिने ते रोज रात्री तेल चोळत होते, हे त्यांच्या पत्नीने नंतर सांगितले.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावातल्या एका वयोवृद्ध मिस्त्रींना गाठले. रस्त्यावर गाडी पाहायला त्यांनी साफ नकार दिला. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेला उतरता असतो. दुचाकी अंग कलवून तो उतार पचवते. बाजूला चाके असलेल्या गाडीला कलता येत नाही, म्हणून ती थोडी डावीकडे जाणारच. या उताराच्या नावाखाली खरा दोष लपून राहतो. म्हणून आधी सपाट सिमेंटची फरशी. मग साऱ्या चाकांतली हवा तपासून झाली, कारण हवा कमी-अधिक असली तर पुढचे प्रत्येक माप फसवे. त्यानंतर ते म्हणाले, ‘‘बसा मास्तर, गाडीवर.’’

आम्ही म्हटले, त्यांना कशाला त्रास?

‘‘रिकाम्या गाडीचं माप खोटं असते फादर. वजन पडलं का स्प्रिंगा दबते, चाकं जागा बदलवते. जो चालवते त्याले बसवूनच मोजा लागते.’’

मधल्या चाकाला लगटून त्यांनी सुतळी ताणली आणि पुढच्या चाकापर्यंत नेऊन हँडल सरळ केले. ‘सुतासारखा सरळ’ हे आपण एरवी नुसते बोलतो. येथे ते डोळ्यांपुढे उभे होते. मग त्या सुतळीपासून बाजूच्या प्रत्येक चाकाची पुढची कड आणि मागची कड मोजली. चाक समांतर असेल तर दोन्ही मापे सारखी यावीत. उजव्या चाकाची पुढची कड मागच्यापेक्षा सहा मिलिमीटर दूर भरली, डाव्याची तितकीच जवळ. म्हणजे दोन्ही चाके उजवीकडे तोंड करून होती. मग गाडी डावीकडे कशी ओढते, असा प्रश्न आम्हांला पडला. मिस्त्रींनी समजावले की ही चाके मागे आहेत. ती गाडीचे शेपूट उजवीकडे नेतात आणि शेपूट उजवीकडे गेले की तोंड डावीकडे वळते.

कारण वाकून पाहताच दिसले. मधले चाक काढण्यासाठी बाजूच्या चाकांचा आस धरणारे क्लँप सैल केले होते. परत आवळताना उजवा क्लँप बोटभर मागे बसला होता. टायर उत्तम, नट घट्ट, काम स्वच्छ. फक्त चाकांचे एकमेकांशी असलेले नाते कोणी पाहिले नव्हते.

क्लँप जागेवर आणून मिस्त्रींनी सुतळी पुन्हा ताणली. एक गोष्ट उरली होती. नवा टायर झिजलेल्यापेक्षा उंच, त्यामुळे बाजूची चाके पुरती टेकत नव्हती आणि गाडी हेलकावत होती. ती चाके जराशी खाली घेताना ते म्हणाले, ‘‘यायनं आधार द्याचा, गाडी उचलाची नाही. मधलं चाक जमिनीवरून सुटलं तं इंजिन फिरन अन् गाडी जाग्यावरच राहीन.’’ मदत कशी असावी, यावर इतके नेमके वाक्य आम्हांला कोणत्याही प्रवचनात साधलेले नाही.

निघताना त्यांनी बजावले, ‘‘आठ रोजानं परत आना. नट बसते, जरासे ढिले होते. पाहून देतो.’’

हे शब्द ऐकून आम्ही थबकलो. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर आम्ही कितीदा बोललो असू! जखमांवर ओतलेले तेल आणि द्राक्षारस, आपल्या जनावरावरून केलेली ने-आण, खाणावळवाल्याच्या हाती ठेवलेली दोन नाणी, या साऱ्यांवर आम्ही भर दिला. परंतु तो माणूस जाताना आपण परत येऊ आणि अधिक खर्च झाला असेल तर तोही देऊ, असे सांगून जातो, याकडे आमचे लक्षच गेले नव्हते. नाणी आम्ही दिली होती. परत येण्याचे मात्र बोललोही नव्हतो. आणि देणारा परत येऊन विचारत नाही, तोवर घेणाऱ्याने तक्रार कोणत्या तोंडाने करावी? उपकाराच्या भाराखाली त्याची जीभच उचलत नाही. मास्तरांचा खांदा दुखत होता तो केवळ गाडीमुळे नव्हे. आमच्या न विचारण्याचाही त्यात वाटा होता.

आठव्या दिवशी आम्ही मास्तरांसह हजर झालो. दोन नट खरोखरच पाव आट्याने सैल झाले होते. मिस्त्रींनी ते आवळले. मग मास्तरांनी फरशीवर हलक्या हाताने गाडी सोडली आणि ती सरळ गेली.

तेव्हापासून आमच्या वहीत कोणत्याही मदतीची नोंद झाली की तिच्या शेजारी आम्ही दुसरी एक तारीख लिहून ठेवतो. त्या तारखेला जाऊन विचारायचे. वाचकहो, यात मोठेपणा काही नाही. अर्धे राहिलेले काम पुरे करणे एवढेच ते आहे. मास्तरांचा खांदा आता बरा आहे, आणि त्यांची भीडही चेपली आहे. गाडीचे हॉर्न नीट वाजत नाही हे त्यांनी आपणहून सांगितले. मागच्या रविवारी आमचे प्रवचन लांबले, हेही सांगितले.