आमची युरोपयात्रा

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे युरोपही आमच्या घरात प्रथम मीच आणला, तोही ग्रंथालयाच्या कार्डावर, पु. लं.च्या 'अपूर्वाई'तून. पुस्तक संपले आणि मी वर्गमित्राजवळ सुस्कारा टाकला, "आपल्याला कसला युरोप दिसतोय!" तो वसईचा, सामवेदी ख्रिस्ती. म्हणाला, "रविवारी घरी ये. सुरुवात तर कर."

बोरिवलीला गाडी पकडली. भाईंदर मागे पडले, खाडीचा वारा अंगावर आला आणि उगीचच परदेशी निघाल्यासारखे वाटले.

मित्राने आधी किल्ला दाखवला. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली, ही दोन वाक्ये शाळेत पाठ केलेली. इथे छप्पर नसलेली चर्चेस प्रत्यक्ष पाहिली. त्या विजयानंतर इथल्या चर्चमधून नेलेली एक घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहे, हे मित्रानेच सांगितले. त्याच्या सुरात तक्रार नव्हती.

घरी जाताना मला काट्याचमच्यांची धास्ती होती. पण ओट्यावर तांबडे लुगडे नेसलेली आजी बसली होती, जेवणाआधीची प्रार्थना मराठीत झाली आणि सगळे हातानेच जेवू लागले. आजीने विचारले, "बाबा काय करतात रे?"

"कपड्यांचा धंदा आहे," मी म्हणालो. हे खोटे नव्हते, पण खरेही नव्हते.

तेवढ्यात मित्राची ताई मला माहिती देऊ लागली. "पाव, बटाटा, चावी, हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आले. इस्त्रीसुद्धा!"

माझा घास घशातच अडकला. तोफा गेल्या, तट ढासळले आणि रोजच्या कामाचे शब्द तेवढे मागे राहिले. त्यांतल्याच एका शब्दावर आमचे घर चालते, आणि दोन वर्षे कॉलेजात मी तोच शब्द गिळत आलो होतो.

"आजी, माझे बाबा इस्त्री करतात. चाळीच्या जिन्याखाली त्यांचे टेबल आहे."

आजीने माझ्या शर्टाकडे निरखून पाहिले. "तरीच! गर्दीतून आलास, तरी घडी मोडली नाही."

निघताना तिने आईसाठी सुकेळी बांधून दिली. स्टेशनवर मित्राने विचारले, "मी कधी येऊ तुझ्याकडे?" आजवर त्याला मी बोरिवली स्टेशनच्या बाहेरूनच निरोप देत आलो होतो. खोली एकच, बसवायचे कुठे, ही सबब मनाशी ठरलेली. तरी तोंडातून निघून गेले, "पुढच्याच रविवारी."

रात्री बाबांना सांगितले, "इस्त्री हा शब्द पोर्तुगालहून आलाय."

ते शर्टाच्या कॉलरवरून हात न उचलता म्हणाले, "असेल. कोळसा मात्र इथलाच." मग थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "तुझा मित्र चहा पितो ना?"