कॉम्प्रेसर का बदलला

सातारा

चि. सोनू,

परवा फोनवर तू हसत विचारलंस, "मावशी, गाडी विकून येतील त्याहून जास्त पैसे एसीच्या कॉम्प्रेसरवर घातलेस, कशाला?" मी "उन्हाळा फार आहे गं" म्हणून वेळ मारून नेली. पण नंतर झोप लागेना. तुझ्या आईला विचारशील तर ती दोन वाक्यांत उरकेल, तिला सगळंच उरकायची सवय. म्हणून मीच लिहितेय.

ही गाडी अण्णांनी, तुझ्या आजोबांनी, घेतली तेव्हा तुझ्या आईचं लग्न झालं होतं की नुसतं ठरलं होतं, यावर आमचं अजून भांडण आहे. प्रीमियर ११८ एनई. सांगाडा फियाट १२४ चा, इंजिन निस्सानचं, ११७१ सीसी, जेमतेम बावन्न घोड्यांचं. तेव्हा जो तो मारुती घेत होता. पण अण्णा सांगलीच्या वालचंद कॉलेजातले. ज्या शेठजींचं नाव कॉलेजला, त्यांनीच १९४४ साली काढलेल्या कंपनीची गाडी सोडून दुसरी दारात आणायची नाही, हा त्यांचा हट्ट. वालचंद हिराचंद तुला माहीत आहेत ना? सोलापूरचे. जहाज, विमान, मोटार, सगळं इथेच बनवायचं म्हणून झपाटलेला माणूस. तुम्हा मेलबर्नकरांना तिकडचे उद्योगपती तोंडपाठ असतात, म्हणून विचारलं.

आता एसी. नातेवाइकांना वाटायचं, बायकोचे लाड. खरं तर तो बसवला आजीच्या तंबोऱ्यासाठी. तंबोरा मिरजेचा. जवारी काढायला, म्हणजे तारांखालची घोडी घासून घ्यायला, दरवर्षी मिरजेलाच न्यायचा आणि जायला सवड मिळायची ती नेमकी मे महिन्यात. पूर्वी आम्ही एसटीने नेत असू. एकदा तर कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट मागितलं आणि आजीने "चार तारांचं घेणार की भोपळ्याचं?" असं विचारून अख्खी गाडी हसवली. मग ११८ आली. पण कराड ओलांडलं की काचा खाली केल्या तर धुरळा, वर केल्या तर भट्टी. एका वर्षी मिरजेला पोचेपर्यंत भोपळा आणि दांडी यांचा सांधा उकलला. आजी त्या दिवशी जेवली नाही. पुढच्या उन्हाळ्याच्या आत अण्णांनी पुण्याहून एसी बसवून आणला.

तंबोरा मागच्या सीटवर, जुन्या नऊवारीत गुंडाळलेला, भोपळ्याखाली उशी. त्याला धरायला तुझी आई. कारागीर म्हणाले होते, "गार वारा थेट अंगावर सोडू नका, त्यानंही लाकूड ओढतं." झालं! अण्णांनी पुढच्या जाळ्या छताकडे वळवल्या. गारवा छताला आणि आम्ही घामाघूम. पेठ नाक्यापासून सांगलीपर्यंत खड्डा आला की अण्णा आधी आरशात बघायचे, मुलीकडे नव्हे, सांध्याकडे. तुझी आई हे अजून ऐकवते.

तो पहिला कॉम्प्रेसर दोन पिस्टनचा, लोखंडी धूड. चालू झाला की गाडी हिसका द्यायची आणि इंजिनाचे चार-पाच घोडे तोच खायचा. पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढाला एसी बंद, हा घरचा नियम होता. त्यात भरायचा बारा नंबरचा गॅस. तो ओझोनचा थर खातो म्हणून १९८७ मध्ये माँट्रियलला करार झाला आणि २०१० पासून आपल्याकडेही तो बंद झाला. यंदा मेकॅनिकने हात वर केले, "काकू, ह्यो गॅस आता मिळायचा न्हाई." म्हटलं, नवा भरा. तर म्हणाला, जुनं तेल नव्या गॅसात विरघळत नाही. मग ते फिरून कॉम्प्रेसरकडे येतच नाही, कॉम्प्रेसर कोरडा पडतो आणि जॅम होतो. मला हे पटलं. शेवटी पाच पिस्टनचा हलका कॉम्प्रेसर, मोठा कंडेन्सर, नवा ड्रायर, सगळ्या रबरी रिंगा, पाइप आतून धुऊन, लेथवाल्याकडून ब्रॅकेट बनवून घेऊन, पट्टा एका ओळीत येईस्तोवर तीनदा उघडझाप. आता हिसका म्हणून नाही.

मी मेकॅनिकला म्हटलं, आपल्या कराडला ढेबेवाडी रस्त्यावर एवढा मोठा कॉम्प्रेसरचा कारखाना, मग हा बाहेरून कशाला मागवायचा? तो हसला. तिथले फ्रिजचे, डब्यात सीलबंद, मोटार आतच. गाडीतला इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, त्याचा दांडा बाहेर निघतो आणि त्या दांड्याच्या सीलमधूनच गॅस झिरपतो. एवढं शिकले मी या वयात.

आणि तू? तंबोऱ्याचं ॲप लावून रियाज करतेस म्हणे. कर, नसल्यापेक्षा बरं. पण २०२४ मध्ये मिरजेच्या तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं ती बातमी मी तुला पाठवली, तर नुसता अंगठा आला उत्तरात. तुझ्या लेकीला निदान सा लावायला शिकव. शिवाय रात्री एक वाजता जेवू नकोस, फोटोत गालफडं बसलेली दिसतात.

आजीच्या तंबोऱ्याची जवारी तीन वर्षं राहिलीय. डिसेंबरात येशील तेव्हा मिरजेला तू चल, मागे तूच बस. पुण्याहून टॅक्सी करू नकोस, मी गाडी घेऊन येते. किती बॅगा आहेत ते आधी कळव, डिकी लहान आहे.

तुझी,
मावशी

ता. क. मेलबर्नच्या थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटं गाडीचा एसी लावत जा. तेल फिरतं आणि दांड्याचं सील कोरडं पडत नाही. जावईबापूंनाही सांग, ते ऐकणार नाहीत तरी.