रिव्हेटमागून रिव्हेट

घरी विमान बांधायला घेतलेल्या माणसाच्या दारात सगळ्यात आधी येते ती शेपटी. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यातली व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी आपल्या ‘आरव्ही’ विमानांचे संच टप्प्याटप्प्याने विकते. आधी शेपटी, मग पंख, मग धड आणि शेवटी छत, चाके वगैरे. इंजिन आणि प्रोपेलर वेगळे घ्यायचे. पैशाची जुळवाजुळव सोपी व्हावी म्हणून हा क्रम सोयीचा आहेच, पण शिकणाऱ्यालाही तोच मानवतो. शेपटीचे भाग गॅरेजमधल्या टेबलावर मावतात आणि पुढे करायचे जवळजवळ सगळे पत्र्याचे काम त्यांत एकदा होऊन जाते. एखादा पत्रा फुकट गेलाच, तर तो पंखाच्या पत्र्याइतका महाग पडत नाही.

रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी १९७३ मध्ये ही कंपनी सुरू केली. तिच्या संचांतून घरोघर बांधलेली ११ हजारांहून अधिक विमाने आजवर उडाली आहेत. ती बांधणाऱ्यांतले बहुतेक जण विमान अभियंते नाहीत. नोकरीवरून घरी येऊन, जेवण उरकून, रात्री तासभर काम करणारी ही माणसे आहेत.

हे काम मुख्यतः भोकांचे असते. विमानाचा सांगाडा आणि त्यावरची कातडी दोन्ही ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची. कातडीचा पत्रा बहुतेक ठिकाणी एक मिलिमीटरपेक्षाही पातळ. पूर्वी भोके मोजून, आखून पाडावी लागत. आता ती कारखान्यातूनच पाडून येतात. तरीही प्रत्येक भोकाच्या दोन्ही बाजूंची बर, म्हणजे कडेला उरलेली धातूची खरबरीत कोर, काढावीच लागते, कारण पत्र्याला तडा जातो तो बहुधा भोकाच्या खरबरीत कडेपासून. इंजिनाची थरथर, हवेचे हेलकावे, धावपट्टीवर टेकतानाचा धक्का, हे सगळे त्या कडेवर येऊन साठत राहते. काठ गुळगुळीत असेल तर पत्रा ते वर्षानुवर्षे सोसतो.

भोकाची किंमत काय असते, ते २०२३ मध्ये याच कंपनीला कळले. लेझरने कापलेल्या काही भागांत रिव्हेटसाठी, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळीसाठी, खळगी पाडताना भोकांच्या कडांना तडे जाऊ लागले. ते भाग बदलून देण्याचा बोजा आधीच्या आर्थिक ओढाताणीत भर घालणारा ठरला. त्या डिसेंबरमध्ये कंपनीला दिवाळखोरी कायद्याचे संरक्षण मागावे लागले. पुढच्या वर्षी ती त्यातून सावरली. मधल्या काळात अनेक घरांत तयार झालेले भाग पुन्हा टेबलावर आले आणि भिंग घेऊन माणसे एकेक भोक तपासत बसली.

भोके तयार झाली की दोन पत्रे स्प्रिंगच्या छोट्या चिमट्यांनी जुळवून धरतात. या चिमट्यांना क्लिको म्हणतात. सर्वांत जास्त लागणारी रिव्हेट सुमारे २.४ मिलिमीटर जाड असते. तिच्या डोक्यावर हवेच्या दाबाची बंदूक ठोके देते, तर मागच्या बाजूने गुळगुळीत पोलादी ठोकळा दाबून धरलेला असतो. त्या ठोकळ्यावर आपटून रिव्हेटचे शेपूट पसरते आणि तिथे दुसरे डोके तयार होते. ते मूळ जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्म्या उंचीचे हवे. त्याहून उंच राहिले तर पकड कमी. फार चपटे झाले तर ठोकणे जास्त झाले.

मोठ्या भागांवर हे काम एकट्याला जमत नाही. एक जण बाहेरून बंदूक चालवतो. दुसरा आत हात घालून ठोकळा धरतो. दोघांमध्ये पत्रा असतो आणि आवाजामुळे बोलणे ऐकू येत नाही. म्हणून कारखान्यांतली जुनी खूण इथेही चालते. आतून पत्र्यावर एक टिचकी म्हणजे अजून ठोका, दोन म्हणजे ठीक, तीन म्हणजे बिघडली, काढा. पुष्कळ घरांत तो आतला हात बायकोचा, नवऱ्याचा किंवा मुलीचा असतो, आणि निकाल त्याच हाताने द्यायचा असतो.

बिघडलेली रिव्हेट काढणे हा या कलेतला सर्वांत नाजूक भाग. डोक्यात नेमके मधोमध ड्रिल करून ते अलगद मोडायचे. ड्रिल जरा सरकले की भोक मोठे किंवा लांबट होते आणि दोष दुपटीने वाढतो. म्हणून अनुभवी माणूस नवशिक्याला सांगतो की थोडीशी वाकडी, पण मापात बसणारी रिव्हेट तशीच राहू दे. कोणती काढायची आणि कोणती ठेवायची हे ओळखणे हेच खरे कौशल्य. हाताची सफाई पहिल्या काही महिन्यांत येते; ही पारख यायला अख्खी शेपटी लागते.

अमेरिकेचा कायदा घरी विमान बांधणाऱ्या माणसाकडे आदराने पाहतो. विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा आनंदासाठी केलेले असावे, एवढी अट पुरी झाली की ते ‘प्रायोगिक’ गटात नोंदवता येते. आराखड्यात बदल करायलाही मोकळीक असते. पण तिची किंमत मोठी असू शकते. ऑक्टोबर १९९७ मध्ये गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ आपल्या लाँग-ईझी विमानासह समुद्रात कोसळले. दुसऱ्याने बांधलेले ते विमान त्यांनी विकत घेतले होते. इंधनाची टाकी बदलण्याची मूठ मूळ आराखड्यातली जागा सोडून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवलेली होती. तिथे हात न्यायचा तर सगळे अंग वळवावे लागे.

आपल्या माणसांनीही अशी विमाने घरी बांधली आहेत. केरळचे अशोक थामराक्षन यांनी लॉकडाऊनच्या काळात इंग्लंडमध्ये घरीच चार आसनी ‘स्लिंग टीएसआय’ बांधले आणि २०२२ मध्ये कुटुंबासह युरोपभर फिरून आले. संच दक्षिण आफ्रिकेचा होता. कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी तर संचही घेतला नाही. स्वतःच्या आराखड्यावरून त्यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभे केले. क्रेनने खाली उतरवलेले ते विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले. त्याची नोंदणी व्हायला मात्र २०१७ उजाडले. अशा घरगुती बांधकामाला सरावलेली तपासणीची व्यवस्था आपल्याकडे असती, तर ती वाट पुष्कळ सोपी झाली असती. गच्च्या आणि हात आपल्याकडे आहेत. विश्वासाने तपासणारी नजर हवी.

पहिल्या उड्डाणानंतरही काम संपत नाही. अमेरिकेत सहसा सुरुवातीचे २५ किंवा ४० तास ठरलेल्या हद्दीतच, प्रवासी न घेता उडवून पाहावे लागते. मुख्य बांधणाऱ्याला त्या एकाच विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करण्याचा परवाना मिळू शकतो. मग दरवर्षी तो झाकणे उघडतो, बॅटरीच्या उजेडात आत डोकावतो. ढिली पडलेली रिव्हेट भोकात घासली जाऊन काळपट भुकटी सोडते आणि वाऱ्याबरोबर तिचा ओघळ पत्र्यावर मागे ओढला जातो. असा ओघळ दिसला की तो जागेवर खूण करतो, ड्रिल आणतो आणि ती रिव्हेट काढून नवी बसवतो.